पडद्यावरच्या पहिल्या मायलेकी

आज सिनेमा कुणाला ठाऊक नाही? पण एके काळी सिनेमा मुका होता. चित्रं हलत, माणसांचे ओठ हलत. आवाज मात्र येत नसे. अशा सिनेमाला मूकपट म्हणतात. मधूनमधून पडद्यावर अक्षरं येत. ज्याला वाचता येई, तो शेजारच्यांना मोठ्यानं वाचून दाखवी. बाकीचे कान देऊन ऐकत.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला. तो दादरला तयार झाला. चंदनसारहून विरार स्टेशनावर यावं, गाडीत बसावं, की दादर येतं. इतकी ही गोष्ट जवळची आहे.

हरिश्चंद्राची राणी तारामती. तिच्या कामाला बाईच मिळेना! सिनेमात उभं राहिलं की अब्रू गेली, असं लोक म्हणत. फाळक्यांनी पुष्कळ शोध केला. पैशांची गरज असलेल्या बायकाही 'नको' म्हणाल्या. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसले आणि तारामती झाले.

मग फाळके नाशिकला गेले. तिथं त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' हा दुसरा मूकपट काढला. या वेळी दोन बाया पुढं आल्या. त्या मायलेकी होत्या. आईचं नाव दुर्गाबाई कामत, लेकीचं नाव कमला. आई पार्वती झाली. लेक मोहिनी झाली. कमला तेव्हा तेरा वर्षांच्या आसपासची पोर होती.

दुर्गाबाईंनी हे धाडस का केलं? त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या. पदरी लेक होती. पोट भरायचं कसं? त्या नाटक कंपनीत शिरल्या. आज या गावी, उद्या त्या गावी. अशा फिरतीत नेमानं शाळा कुठली! आईनंच लेकीला शिकवलं. लोक नावं ठेवीत होते. पण नावं ठेवणारे काही भाकरी देत नव्हते.

पुढं कमलाबाईंचं लग्न रघुनाथराव गोखले यांच्याशी झालं. तेही नाटकातले. पण ते लवकर वारले. पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. एकटी बाई, तीन मुलगे. कमलाबाई रडत बसल्या नाहीत. आईनं केलं तेच त्यांनी केलं. त्या कामाला लागल्या. नाटकात त्यांनी पुरुषांच्याही भूमिका केल्या. कसं पाहा! सिनेमात आधी पुरुष बाई झाला, आणि पुढं नाटकात ही बाई पुरुष झाली!

१९३१ साली 'आलम आरा' आला आणि आपल्याकडचा सिनेमा बोलू लागला. कमलाबाईंचं काम मात्र थांबलं नाही. मुलगेही कलेतच वाढले. चंद्रकांत गोखले नट झाले. लालजी आणि सूर्यकांत तबला वाजवू लागले. चंद्रकांतांचे पुत्र विक्रम गोखले हेही मोठे नट झाले.

ज्या कामाला लोक हलकं म्हणत होते, त्याच कामावर हे घर उभं राहिलं. आम्हाला वाटतं, घामाची भाकरी कधी हलकी नसते. आपल्या गावातली एखादी बाई नव्या कामाला निघाली, तर तिला नावं ठेवण्याआधी आपण या मायलेकी आठवाव्यात.

शब्द समजून घ्या
मूकपट – आवाज नसलेला सिनेमा
भूमिका – नाटक-सिनेमातलं सोंग
धाडस – भीती सोडून केलेलं काम

सांगा पाहू
१. तारामतीचं काम कुणी केलं? का?
२. दुर्गाबाई नाटकात का गेल्या?
३. तुमच्या गावात पूर्वी बाया करीत नसत, पण आता करतात, अशी दोन कामं लिहा.