वर्णपटावरून धान्याची पारख

दाणा दाताखालीं फोडून ओल ओळखण्याची रीत आपणां सर्वांस परिचित आहे. त्याच दाण्यावर प्रकाश पाडून त्यांतील पाणी, प्रथिनें व तेल यांचें मान सांगणारीं यंत्रें आतां धान्यव्यवहारांत आलीं आहेत. आंकड्याचें महत्त्व लहान नाहीं. १४ टक्के ओलीचा एक क्विंटल माल १२ टक्क्यांपर्यंत सुकविल्यास वजन सुमारें सव्वादोन किलो घटतें. तेव्हां आंकडा कसा निघतो, हें विकणारानें जाणणें अगत्याचें आहे.

लोलकांतून गेलेल्या प्रकाशाचे जे रंग पसरतात, त्यांस वर्णपट म्हणतात. त्याच्या तांबड्या टोकापलीकडे डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण असतात. ते विल्यम हर्शेल यांनीं इ. स. १८०० मध्यें उष्णतामापकाच्या साह्यानें शोधून काढिले. हे किरण पदार्थावर पडले असतां त्यांतील प्रत्येक घटक ठराविक लांबीच्या लहरी शोषून घेतो. पाणी १४५० व १९४० नॅनोमीटरच्या आसपासच्या लहरी विशेष शोषितें. म्हणून ओल्या दाण्यावरून परतलेल्या प्रकाशांत त्या जागीं तूट दिसते. प्रथिनें व तेल यांच्याही अशाच खुणा आहेत. अमेरिकेच्या कृषिखात्यांतील कार्ल नॉरिस यांनीं १९६० नंतरच्या दशकांत ही रीत धान्याकरितां उपयोगांत आणिली.

परंतु या खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात. म्हणून आधीं पुष्कळ नमुने प्रयोगशाळेंत तपासून, म्हणजे ओल भट्टींत सुकवून व प्रथिनें नत्रावरून काढून, ते आंकडे आणि वर्णपट यांची सांगड घालावी लागते. यंत्र पुढें त्या सांगडीवरूनच उत्तर देतें. महसूल खात्याच्या प्रतबंदींत जमिनीची खोली व रंग पाहून ठरलेल्या तक्त्यांतील प्रत लावीत असत. तक्ताच त्या मुलखास लागू नसेल, तर मोजणी कितीही चोख असून प्रत चुकावयाचीच. येथेंही तसेंच आहे. गव्हाची सांगड सोयाबीनास चालत नाहीं.

यास्तव तीन गोष्टी पाळाव्या. नमुना पोत्याच्या तोंडचा न घेतां अनेक पोत्यांतून, वरचा, मधला व तळचा असा घेऊन एकत्र कालवावा. यंत्र कोणत्या पिकाकरितां लाविलें आहे व प्रयोगशाळेशीं शेवटीं केव्हां ताडून पाहिलें, हें विचारावें. संशय आल्यास त्याच नमुन्याची भट्टींत सुकवून परीक्षा मागावी. बाजारांतील हातांत धरावयाचीं बहुतेक ओलमापकें प्रकाशावर नव्हे, विजेच्या गुणावर चालतात. परंतु हीच सावधगिरी तेथेंही उपयोगी पडेल.