‘प्ले’ : एक शब्द, तीन प्रश्न

इंग्रजीतील ‘प्ले’ हा शब्द आपण शाळेतच शिकतो आणि वहीत त्याच्यापुढे ‘खेळणे’ असा एकच अर्थ लिहून ठेवतो. पुढे सतार वाजवण्यालाही ‘प्ले’ म्हणतात आणि नाटकालाही, हे कळले की वहीतला शब्दार्थ तोकडा पडतो. हाच शब्द बल्गेरियन भाषेत नेताना काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. बल्गेरियन ही दक्षिण स्लाव्ह गटातील भाषा असून ती सिरिलिक लिपीत लिहितात.

पहिला प्रश्न : काय ‘प्ले’ केले? चेंडू, पत्ते किंवा नाटकातील भूमिका असेल तर ‘इग्राया’. वाद्य असेल तर ‘स्वीर्या’. तबकडी आपण ‘लावतो’, तर बल्गेरियन माणूस ती ‘सोडतो’. तेथे ‘पुस्कम’ हे क्रियापद. लिहिलेले नाटक म्हणजे ‘पिएसा’. यंत्राच्या सांध्यातील ढिलेपणाला आपले मेकॅनिक ‘प्ले’च म्हणतात, बल्गेरियनमध्ये तो ‘लुफ्त’, जर्मनमधून आलेला शब्द.

येथे एक गंमत आहे. ‘होरो’ हे बल्गेरियातील हातात हात गुंफून करायचे लोकनृत्य. ‘होरो’बरोबर ‘इग्राया’ आले तर माणूस नाचतो आहे. ‘स्वीर्या’ आले तर तो त्या नाचाची धून वाजवतो आहे. नाचाला ‘खेळणे’ म्हणणे आपल्याला परके नाही; आपणही फुगडी आणि झिम्मा खेळतोच.

दुसरा प्रश्न : क्रिया पुरी झाली का? इंग्रजी भूतकाळी ‘प्लेड’ त्याविषयी स्वतःहून काही सांगत नाही. बल्गेरियनमध्ये ‘स्वीरेशे’ म्हणजे वाजवत होता किंवा वाजवत असे. ‘इस्वीरी’ म्हणजे धून वाजवून पुरी केली.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड : हे कोणी पाहिले? समजा, एखादी बाई इंग्रजीत म्हणते, “माझे पणजोबा गायदा वाजवत.” गायदा हे कातडी पिशवीचे फुंकवाद्य. पणजोबा तिच्या जन्मापूर्वीच वारले असतील, तर बल्गेरियनमध्ये ‘स्वीरेल’ हे ऐकीव गोष्टीचे रूप हवे. मराठीत आपण ‘वाजवत म्हणे’ असे म्हणू. आपला ‘म्हणे’ वगळला तरी वाक्य चालते. तेथे मात्र ही सूचना क्रियापदाच्या रूपातच असते. अनुवादकाने ‘स्वीरेशे’ लिहिले, तर न पाहिलेल्या गोष्टीची ती बाई साक्षीदार ठरेल. लोककथेत एवढ्याने फार बिघडणार नाही, पण साक्षीपुराव्यात किंवा इतिहासात हा फरक लहान नाही.

यावरून असे दिसते की, अनेकार्थी शब्दाची अडचण केवळ शब्दकोशाने सुटत नाही. शब्दकोश ‘इग्राया’ आणि ‘स्वीर्या’ शेजारी शेजारी मांडतो; पण पणजोबा केव्हा वारले, हे त्याला ठाऊक नसते. ते मागच्या पानावर शोधावे लागते किंवा लेखकाला विचारावे लागते. मूळ भाषेने जे मोघम ठेवले, ते दुसरी भाषा स्पष्ट करून मागते आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी अनुवादकावर येते. इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने एक मराठी शब्द लिहिला की भाषांतर झाले, असे मानणाऱ्या आपणा विद्यार्थ्यांना ‘प्ले’सारखा सोपा शब्दही पुष्कळ शिकवून जातो.