आधी फाईल, मग स्वतःची उलटतपासणी

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव महाराष्ट्राला कळलं ते १९९२-९३ साली, कुपोषणाने दगावलेल्या मुलांमुळे. मी त्याच बाजूची. सनद घेऊन ठाण्यात ज्युनियर म्हणून काम सुरू केलं, तेव्हा ‘गाव कुठलं?’ विचारलं तरी अंगावर काटा यायचा. घरात वकील कुणी नाही, इंग्रजी बेताचं, बोलण्यात वारली हेल. नुसती तारीख मागायला उभी राहिले तरी तोंडाला कोरड पडायची. ‘तुम्ही तहसिलीबाहेर अर्ज लिहायला बसा, चांगलं चालेल,’ असं एक ज्येष्ठ वकील म्हणाले. चेष्टेतच म्हणाले असतील, पण मला ते दोन वर्षं पुरलं.

विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजीही मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासाला उभे राहिले आणि एकही प्रश्न न सुचून खाली बसले. घेतलेली तीस रुपये फीही त्यांनी परत घ्यायला सांगितलं. हे त्यांनीच आत्मकथेत लिहिलंय. पुढे प्रिटोरियात दादा अब्दुल्लांच्या दाव्यात हिशेबाचे कागद बारकाईने वाचले, तेव्हा वकिली म्हणजे काय ते त्यांना उमगलं.

माझंही तेच झालं, फक्त ठाण्यात नाही, जव्हारला. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला. १३ तारखेचा तो आदेश २८ला स्थगित झाला, पण धास्ती राहिलीच. फेटाळणीची पत्रं घेऊन माणसं येऊ लागली. त्यात एक आजी. पत्रात शेरा होता, ‘पुरावा नाही’. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून वनखात्याच्या दंडाच्या पावत्या काढल्या, पिवळ्या, घडीवर फाटलेल्या. अतिक्रमण केलं म्हणून भरलेला दंड! तारीख वनहक्क कायद्याने ठरवलेल्या १३ डिसेंबर २००५च्या कितीतरी आधीची, म्हणजे खात्याने स्वतःच तिचा कब्जा लिहून दिलेला. शिवाय वनहक्क नियमांतल्या नियम १३ प्रमाणे गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावाच, आणि अमुकच कागद आणा असा हट्ट दावे तपासणाऱ्या समितीला धरता येत नाही. जबाब द्यायला आलेले म्हातारे वारलीत बोलत होते. कुणी समजावून न सांगता ते कळणारी वकील तिथे मी एकटीच होते. अपील लिहिलं, दावा फेरतपासणीला गेला. त्या सुनावणीत तोंडाला कोरड पडली की नाही, आठवत नाही.

नव्या मुलामुलींनो, घाबरलेला ज्युनियर रात्रभर निवाडे पाठ करतो आणि पंचनाम्यावर सही कुणाची ते बघत नाही. ‘मला जमेल का’ हा प्रश्न फाईल संपेपर्यंत बाजूला ठेवा. त्यानंतरही उरला, तर नेमकं काय येत नाही ते कागदावर लिहा. बहुतेक वेळा एखादं कलम निघतं, किंवा विचारायचा राहिलेला एखादा प्रश्न. तो सिनियरला विचारा, चारचौघांत विचारा. झोपच उडाली असेल, तर मात्र हे माझे बोल पुरणार नाहीत, डॉक्टरांना गाठा.

आणि फेटाळणीचं पत्र हातात आलं, तर ‘माझ्याने होईल का’ या घोळात दिवस घालवू नका. वनहक्काच्या अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे.