पहिला पत्ता

आई-बाबांनो, मुलगा परदेशी स्थायिक व्हायचं म्हणाला की घरात देशावरून महिना-महिना खल चालतो. कॅनडा बरं की ऑस्ट्रेलिया, जर्मन भाषा या वयात येईल का, अमेरिकेचं आता काही खरं नाही. मावशीचे दीर, ऑफिसातले साहेब, खालच्या मजल्यावरचे काका, सगळ्यांची मतं घेऊन होतात. एकदा देश ठरला की गाव कोणतं, हा विषय मात्र चहा निवायच्या आत संपतो. मित्र टोरोंटोत आहे ना, मग टोरोंटो. मेलबर्नचं नाव क्रिकेटमुळे पाठ आहे, मग मेलबर्न. मला हे उफराटं वाटतं. देश बहुतेक वेळा व्हिसाच ठरवून टाकतो. पोराच्या हातात खरी उरते ती गावाची आणि वस्तीची निवड, आणि पहिली चार-पाच वर्षं हसतखेळत जातील की रडतखडत, हे बरंचसं तिच्यावर ठरतं.

हे मी जरीपटक्यात राहून बोलते आहे, म्हणून जरा ठासून बोलते. उत्तर नागपुरातली ही आमची वस्ती देश सोडून आलेल्या माणसांनी भरलेली आहे. फाळणीत पंजाब तुटला, बंगाल तुटला, सिंध मात्र अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. पंजाबी निर्वासिताला पूर्व पंजाब तरी होता. सिंधी हिंदूंना आपला म्हणावा असा तुकडाही इकडे उरला नाही. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली आणि ‘जरा थांबून पाहू’ म्हणणारेही निघाले. कोणी बोटीनं मुंबईला उतरलं, कोणी मारवाडमार्गे रेल्वेनं आलं. सगळा देश समोर मोकळा, आणि जायचं कुठे ते कोणालाच ठाऊक नाही.

सुरुवातीला सरकार नेईल तिथे. कल्याणजवळची लष्करी छावणी, जिचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. पुण्याजवळ पिंपरी. कोल्हापूरजवळ वळिवडे, जिथे महायुद्धाच्या काळात पोलंडचे निर्वासित राहून गेले होते. ते गेले, हे आले, आणि त्या छावणीचं गांधीनगर झालं. कापडाची घाऊक पेठ म्हणून ते आज सगळ्यांना माहीत आहे. पण छावणीत खाट मिळाली म्हणजे गाव मिळालं असं कोणी मानलं नाही. कर्ता माणूस बायकामुलांना छावणीत ठेवायचा आणि रेल्वेनं चार गावं हिंडून यायचा. नातलग कोणी आहे का, दुकानाला ओटा मिळेल का, मालाला उठाव आहे का. आमच्या गल्लीत घरोघरी हीच कहाणी ऐकायला मिळते, गावांची नावं तेवढी बदलतात. कटनी पाहिली, रायपूर पाहिलं, अमरावतीत काही दिवस काढले, आणि मग नागपूर.

नागपूरच का, याची उत्तरं अगदी रोकडी आहेत. मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास हे दोन्ही लोहमार्ग इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे माल चारी दिशांना जातो. इतवारीची पेठ आधीपासून नांदती. आणि तेव्हा नागपूर मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी. कचेऱ्या, सचिवालय, पगारदार गिऱ्हाईक. शिवाय हिंदी चालून जात होती, म्हणजे पहिल्या दिवसापासून तोंड उघडता येत होतं.

याच्या उलट गोष्ट गांधीधामची. कच्छच्या महारावांनी १५,००० एकर जमीन दिली, भाई प्रताप यांनी सिंधू रिसेटलमेंट कॉर्पोरेशन काढलं आणि सिंधी समाजासाठी कांडला बंदराशेजारी आखीव शहर उभं करायचं ठरलं. हवा सिंधसारखी, समुद्र जवळ, शेजारी आपलेच, रस्ते रुंद. कागदावर याहून चांगली जागा दुसरी नव्हती. तरीही कितीतरी कुटुंबं तिकडे न जाता मुंबईच्या गर्दीत, नागपूरच्या उन्हात जाऊन बसली. व्यापारी माणसाला आधी गिऱ्हाईक लागतं, रुंद रस्ता नंतर. गांधीधाम पुढे बंदराच्या जोरावर वाढलं, ही गोष्ट वेगळी. पण १९४८ मध्ये ज्याला पुढच्या महिन्याचं पीठ आणायचं होतं, त्याला ती वाट पाहणं परवडणारं नव्हतं. तुमचा मुलगा एखाद्या शहराचे तळ्याकाठचे फोटो पाठवतो ना, तेव्हा फोटो मनापासून बघा आणि मग विचारा, ‘तुझ्या कामाच्या किती कंपन्या आहेत रे तिथे? ही नोकरी गेली तर त्याच गावात दुसरी मिळेल का?’ नोकरीबरोबरच देशात राहायची मुदतही धोक्यात येते अशा व्हिसावर असेल, तर या प्रश्नाचं वजन दुप्पट.

आणि पुरता हिशेब मांडून निवडलेल्या गावाचंही नशीब बदलतं. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरची राजधानी गेली. विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. हिंदी-मराठी प्रांताची राजधानी म्हणून पसंत केलेलं शहर बारा-तेरा वर्षांत मराठी राज्यातलं एक टोकाचं शहर झालं. जरीपटक्यानं काय केलं? दुकानं उघडी ठेवली आणि मराठी शिकून घेतली. आजही इथला जुना दुकानदार बायकोशी सिंधीत, हमालाशी हिंदीत आणि पोळ्याच्या बाजाराला आलेल्या शेतकऱ्याशी झकास वऱ्हाडीत बोलतो.

तुम्ही म्हणाल, मॅडम, त्यांच्यावर वेळच तशी आली होती, आमचा पोरगा तर शिकूनसवरून, आपल्या मर्जीनं चाललाय. खरं आहे. म्हणून अलीकडचं सांगते, कारण जरीपटक्यात सिंधमधून माणसं येणं कधी थांबलंच नाही. घोटकी, सक्कर, जेकबाबाद अशा भागांतली कुटुंबं अजून येतात, आणि ती गाव निवडताना नकाशा बघत नाहीत, कागद बघतात. शेजारच्या एका घरी असेच एक गृहस्थ आहेत. बाजारहाटाला नेतात तसली नायलॉनची पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स. पासपोर्ट, पोलिसांकडच्या नोंदणीचा दाखला, मुदतवाढीचे अर्ज, आणि सगळ्यांत वर, घडीवर फाटत आलेलं, इथल्या मामेभावानं लिहून दिलेलं हमीपत्र. मामेभाऊ जरीपटक्यात, म्हणून हे जरीपटक्यात. तो इंदूरला असता तर हे इंदूरला गेले असते, इतकं सरळ.

दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्यांना पूर्वी गावाची वेस ओलांडायचीही चोरी होती. २०१६ मध्ये नियम सैलावले. राज्यात फिरायला, बँकेत खातं उघडायला, राहण्यापुरतं घर घ्यायला मुभा मिळाली. त्याच वर्षी केंद्रानं नागरिकत्व देण्याचे अधिकार काही मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले आणि त्यांत नागपूर होतं. म्हणजे कोणत्या जिल्ह्यात राहता, यावर तुमची फाइल कोणाच्या टेबलावर जाते ते ठरू लागलं. पुढे २०१९ चा नागरिकत्व दुरुस्तीचा कायदा आला, त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले, आणि त्यातही ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख आडवी आली. तिच्यानंतर आलेल्यांना जुन्याच वाटेनं जावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील असा खुलासा सरकारनं केला. तो खुलासा कानावर पडेपर्यंत आमच्या गल्लीत कितीतरी घरी कुणाला जेवण गेलं नव्हतं.

तुमच्या पोराच्या कागदांतही असंच गाव दडलेलं असतं, फक्त ते बारीक अक्षरात असतं. ऑस्ट्रेलियाचा ४९१ क्रमांकाचा व्हिसा पाच वर्षांचा, पण त्यावर ठरवून दिलेल्या प्रादेशिक भागातच राहायचं. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन त्यात येत नाहीत, पर्थ आणि अॅडलेड येतात. कॅनडात प्रांत स्वतः माणसं निवडतात आणि आमच्याकडेच राहणार असं तुमच्याकडून वदवून घेतात. पोरगी नर्स असेल तर तिथे तिची नोंदणी प्रांताच्या परिषदेकडे होते. म्हणजे प्रांत बदलला की तो कागदांचा खेळ पुन्हा. तेव्हा नातलगाच्या शहराचं तिकीट काढण्याआधी व्हिसाचं पत्र एकदा शांतपणे, चष्मा लावून, पोराबरोबर बसून वाचा.

मागे माझ्याकडे सल्ला विचारायला एक जोडपं आलं होतं, काटोलकडचं, संत्र्याचा बगीचा असलेलं. मुलाला कॅनडात सास्काचेवान प्रांतातल्या रेजायना गावी काम मिळत होतं. वडील खवळलेले. “पोराले तिथं का अस्वलं राखाची हायेत? सारे टोरोंटोले जातेत, आन् आमचाच पोट्टा रानात!” आई हळूच म्हणाली, “त्या गावाचं नावच कोणाले सांगता येत नाही.” मला हसू आलं, पण बाईंनी दुखणं नेमकं सांगितलं होतं. आपल्याला गाव हवं असतं ते लग्नाच्या मांडवात सांगता येईल असं. थंडी तिथे उणे तीसपर्यंत उतरते, ती सोसायची मुलाला. भाडं टोरोंटोच्या मानानं खूपच हलकं, ते वाचणार मुलाचं. या दोन्ही गोष्टी त्याला कळत होत्या. मांडवातला प्रश्न मात्र आई-वडिलांचा होता आणि त्याचं ओझं पोराच्या खांद्यावर चाललं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, गावाचं नाव पाठ करा, सवयीनं येतं.

‘आपले लोक आहेत ना तिथे?’ हा तुमचा दुसरा प्रश्न. तो मला मुळीच चुकीचा वाटत नाही. पहिल्या सहा महिन्यांत ताप आला तर खिचडी कोण आणून देईल, हे पाहायलाच हवं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. गणपती, दिवाळी अंक, मुलांसाठी मराठी शाळा, सगळं मिळतं. पण मंडळ जवळ आहे एवढ्यासाठी नोकरीपासून दीड तास लांब घर घेणारे मी पाहिलेत. त्यांना सोसायटीतलं एक गोरं कुटुंबही नावानं माहीत नसतं. जरीपटका सिंध्यांचा म्हणतात, पण लागून इंदोरा आहे, आंबेडकरी चळवळीचं गाव. शाळेत, रिक्षात, भाजीच्या ठेल्यावर दोन्हीकडची माणसं एकमेकांना भेटत राहिली. आपल्यांची सावली आणि परक्यांची रहदारी एकाच रस्त्यावर असेल अशी वस्ती मिळाली, तर मंडळ अर्ध्या तासावर असलेलं चालतं.

आता सुनेविषयी, कारण तिच्याबद्दल मला कोणी विचारतच नाही. मुलाची नोकरी ठरते, गाव ठरतं, आणि पुण्यात स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी तिथे खिडकीतून बर्फ बघत बसते. निर्वासितांच्या छावण्यांत बायकांनी पापड लाटून संसार सावरले, ही आठवण इथे अभिमानानं सांगितली जाते. पण ती नाइलाजाची कमाई होती. तुमच्या सुनेला तशी पाळी का यावी? दोघांच्या कामाला जागा आहे असं गाव शोधा, भले एकाचा पगार थोडा कमी होवो. सासूनं हा मुद्दा काढला तर त्याला वेगळंच वजन येतं, एवढं माझं ऐका.

नातवंडं असतील तर आणखी एक. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात सरकारी शाळा बहुतेक ठिकाणी घराच्या पत्त्यावरून मिळते. भाडेकराराच्या कागदावर सही करताना तुम्ही शाळेवरही सही करत असता. आपल्याकडे घर धरमपेठेत आणि शाळा सिव्हिल लाइन्सला, असं व्हॅनवाल्याच्या भरवशावर चालतं. तिथे ते गृहीत धरू नका.

आणि पहिल्या वर्षी घर विकत घे म्हणून त्याच्या मागे लागू नका. तुम्हाला वास्तुशांतीचे फोटो हवेत, मला समजतं. पण कल्याणच्या छावणीत चूल मांडलेली माणसं पुढे मुंबईच्या उपनगरांत गेली, पिंपरीची पुण्यात शिरली, आमच्याकडेही कितीजण दोन-दोन गावं टाकून आले. पहिला पत्ता सुटसुटीत असू द्या, भाडेकरार लहान मुदतीचा. निघताना सोन्याची चेन घालता त्याऐवजी त्याच्या खात्यात एक रक्कम वेगळी टाका: दोन महिन्यांचं भाडं, नव्या घराची अनामत आणि सामान हलवायचा ट्रक. ती कशासाठी आहे ते त्याला स्पष्ट सांगा. एक दिवस त्यानं फोनवर ‘आम्ही गाव बदलतोय’ म्हटलं, तर ‘का रे, तिथे काय झालं?’ हे लगेच विचारू नका. नवा पत्ता लिहून घ्या.