वाळूचा रंग आणि शीवचा उजेड

शेडकार्डवरचा वाळूच्या रंगाचा चौकोन पाहून घर रंगवायला काढू नका, असे शीवमधल्या माणसांना मी आग्रहाने सांगेन. रंग वाईट म्हणून नव्हे. लाकडी कपाटाशी, पितळेच्या समईशी इतक्या सहज जुळणारा दुसरा रंग मला माहीत नाही. तो आपल्याला परकाही नाही. चुन्यात पिवडी आणि किंचित गेरू कालवून भिंतीला हात देणारे जुने रंगारी याच छटेच्या आसपास पोचत. आजच्या टिंटिंग मशीनमधूनही पांढऱ्या बेसमध्ये पिवळे आणि तांबडे लोह ऑक्साइड व थोडा काळा, बहुधा एवढेच पडते. गोम त्या काळ्यात आहे. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट झाक येते, हे चित्रकलेच्या वर्गातल्या मुलालाही ठाऊक असते. तांबड्याने ती दाबून धरलेली असते, पण उजेडातला तांबडा कमी पडला की ती वर येते. म्हणून दुकानातल्या पिवळसर दिव्याखाली सोनेरी दिसलेला रंग घरी राखाडी, हिरवट, कधी चक्क मातकट दिसतो. मग रंगाऱ्याला बोल लावला जातो, कंपनीला शिव्या दिल्या जातात. डब्यातला रंग मात्र बहुतेक वेळा बरोबरच असतो.

तेव्हा आधी आपल्या घरातला उजेड ओळखायला हवा. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दादर, माटुंगा, शीव हा भाग आखताना घरात येणारा उजेड आणि वारा हा त्याने आरोग्याचा प्रश्न मानला. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून ६३.५ अंशांच्या कोनात उतरणारा उजेड खालच्या खोलीपर्यंत पोचला पाहिजे, म्हणजेच इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मे अंतर मधे मोकळे हवे, असा त्याचा साधा अर्थ. त्या विचाराच्या खुणा शीव-माटुंग्याच्या जुन्या गल्ल्यांत अजून दिसतात. पुनर्विकासात तिथे मनोरे उठू लागले, तसा खालच्या मजल्यांच्या वाट्याला आभाळाचा एक पट्टा तेवढा उरतो आहे. निरभ्र आभाळाचा थेट उन्हाविना येणारा उजेड निळसर असतो. खिडकीशी मोठे झाड असेल तर तो हिरवा होऊन येतो, समोरची इमारत गुलाबी असेल तर गुलाबी. उत्तरेच्या खिडकीला भर दुपारचे ऊन मिळण्याची शक्यता फक्त मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, कारण मुंबईत तेवढेच दिवस सूर्य माथ्याच्या उत्तरेला सरकतो; आणि त्यातला बराच काळ ढगांत जातो. अशा खोलीत काळ्याची मात्रा जास्त असलेली वाळू हमखास मरगळते. तिथे तांबड्याकडे झुकणारी छटा घ्यावी. पश्चिमेच्या खोलीत उलटे: मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी तीच तांबूस छटा नारिंगी होऊन अंगावर येते, तिथे जरा थंड वाळू बरी.

यावर लोक म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, सरळ पांढरा लावा, खोली मोठी दिसेल. मुद्दा अगदीच खोटा नाही. चांगला पांढरा रंग ८० टक्क्यांहून अधिक उजेड परतवतो, वाळूचा साधारण ५५ ते ६५ टक्के. पण परतवायला मुळात उजेड हवा. अंधाऱ्या खोलीतला पांढरा दिवसभर राखाडी सावलीसारखा दिसतो आणि डोळ्याला शिळा वाटतो. वाळूच्या रंगाला निदान स्वतःची ऊब असते. उजेडाची तूट दिव्याने भरून काढता येते, आणि नेमके तिथेच आपण चुकतो. घरोघरी ६५०० केल्विनच्या ‘कूल डेलाइट’ पट्ट्या लागलेल्या असतात. त्यांच्या निळसर प्रकाशात ही भिंत सिमेंटसारखी दिसते. २७०० ला ती पिवळी पडते. ३००० ते ४००० च्या दरम्यानचा दिवा घ्यावा आणि खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा, आकडा ९० च्या जवळ असेल असा पाहावा. रंगाचा डबा उघडण्याआधी दिवे बदलावेत, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरा समज, हा रंग मळखाऊ आहे. शीवला पूर्व द्रुतगती मार्गाची धूळ खिडकीतून येते, ती यावर कमी दिसते, हे मान्य. पण पावसाळ्यानंतर बाहेरच्या भिंतीतून पाझरलेल्या पाण्याबरोबर प्लास्टरमधले क्षार वर येतात, आणि ते पांढरे असतात. पांढऱ्या भिंतीवर जे महिनोन्‌महिने नजरेत येत नाही, ते वाळूच्या रंगावर पहिल्या दिवशी दिसते. गणपतीच्या आधी किंवा दिवाळीच्या तोंडावर घाईने काढलेली रंगकामे इथेच फसतात, कारण भिंत अजून ओली असते. बाहेरच्या भेगा बुजवून, भिंत वाळू देऊन, मग १८ इंच चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव धरले असेल तर पुट्टीवाल्याला बोलावू नये, डिसेंबर-जानेवारीपर्यंत थांबावे. पाहुणे येणार म्हणून ओल्या भिंतीला रंग देणे म्हणजे पैसे वाया घालवणे, एवढे स्पष्ट सांगायलाच हवे.

फोनवर खोलीचा फोटो टाकून रंग बघण्याची सोय आता आहे, तिचा उपयोग पसंती तीन छटांवर आणण्यापुरता. कॅमेरा उजेडाचा निळा-पिवळेपणा आपोआप दुरुस्त करतो, म्हणजे जे पाहायचे तेच पुसतो. त्याऐवजी छोटे डबे आणून दोन बाय तीन फुटांच्या प्लायवर प्रायमर आणि दोन हात द्यावेत. जुन्या निळ्या-हिरव्या भिंतीवर थेट पट्टा मारू नये, शेजारच्या रंगाने डोळा फसतो. प्लाय पूर्ण वाळल्यावर फरशीला टेकवून उभा करावा, कारण फरशीचा रंगही भिंतीवर चढतो. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहावे, प्रत्येक भिंतीपाशी हलवून. छोट्या खोलीत चारही भिंती एकमेकींचा रंग परतवतात आणि तो गडद होत जातो. म्हणून प्लायवर जी छटा मनात भरेल तिचे निम्म्या ताकदीचे मिश्रण दुकानदाराकडून करून घ्यावे, सगळ्या खोलीचा रंग एकाच वेळी कालवून घ्यावा आणि पुढच्या डागडुजीसाठी लिटरभर झाकण घट्ट लावून, त्यावर मिश्रणाचा क्रमांक लिहून ठेवावा.