शोधाला पैसा लागतो

काही मुलांचे डोळे जन्मापासून तिरपे असतात. अंग सैल असते. चालणे-बोलणे उशिरा येते. याला डाउन सिंड्रोम म्हणतात. लोक म्हणतात, "आईने ग्रहण पाळले नाही." हे खरे का? आपण पाहू.

आपले शरीर बारीक पेशींचे बनले आहे. पेशीत दोऱ्यासारखी ४६ गुणसूत्रे असतात. पॅरिसला मार्थ गोतिये नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. १९५८ साली त्यांना अशा मुलाच्या पेशीत ४७ गुणसूत्रे दिसली. या कामाला त्यांना पैसा मिळाला नव्हता. काचेची भांडी घ्यायला त्यांनी कर्ज काढले. पेशी वाढवायला स्वतःचे रक्त काढले. १९५९ साली हा शोध छापला गेला. दोष आईचा नाही, ग्रहणाचाही नाही, हे कळले.

पण एका बाईच्या कर्जावर किती काम चालणार? अशा निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. शस्त्रक्रिया सुधारल्या, तशी मुले वाचू लागली. अमेरिकेत १९८३ साली ही माणसे सरासरी २५ वर्षे जगत. आता सुमारे ६० वर्षे जगतात. मात्र स्मृती जाण्याचा आजार त्यांना लवकर गाठतो. अशा आजारांच्या शोधासाठी अमेरिकेच्या सरकारने २०१८ साली निराळी योजना काढली.

विहीर खणतो, तेव्हा पाणी लागण्याआधीच आपण खर्च करतो. शोधाचेही तसेच आहे. सरकारने आणि समाजाने त्याला पैसा द्यावा. आणि आपण? आपण त्या आईला बोल लावू नये. मुलाचे हृदय डॉक्टरांकडून लवकर तपासून घ्यावे.