दिलेलं अपुरं पडतं तेव्हा

“सर, अंतर दिलेलंच नाही, मग उंची कशी काढायची?” दिल्लीतल्या मराठी घरांतल्या मुलांना रविवारी गणित आणि भौतिकशास्त्र शिकवताना हा प्रश्न मी सतत ऐकतो. मूल हुशार असतं, सूत्रंही पाठ असतात, पण एक आकडा कमी पडला की पेन खाली ठेवतं. अशा वेळी काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी वहीत आपली भूमितीतली जुनी मांडणी करा: डावीकडे पक्ष, उजवीकडे साध्य. दिलेले आकडे एककांसकट पक्षात लिहा. हवंसं वाटतं पण दिलेलं नाही, त्याला अक्षर द्या आणि तेही पक्षातच लिहा, फक्त वेगळ्या रंगाने. वस्तुमान नाही? ‘म’ म्हणा आणि पुढे चला. कितीदा तरी हे अक्षर दोन्ही बाजूंना येतं आणि निघून जातं.

हे दिल्ली मेट्रोत करून पाहण्यासारखं आहे. ५० सेंटिमीटर दोऱ्याला किल्ली बांधा आणि दोरा डब्यात हातात धरा. गाडी थांबायला लागली की किल्ली पुढे सरकते. पहिला झोका सोडून द्या. त्यानंतर ती क्षणभर तिरकी स्थिर राहते, ती जागा पाहा. दोऱ्याच्या ताणाचा आडवा भाग म्हणजे ‘म’ गुणिले गाडीचं मंदन, उभा भाग म्हणजे ‘म’ गुणिले गुरुत्वत्वरण. भागाकार केला की ‘म’ उडतो. किल्ली ५ सेंटिमीटर सरकली असेल, तर मंदन ९.८ च्या साधारण दहाव्या भागाइतकं, म्हणजे १ मीटर प्रति सेकंद वर्ग. ताशी ८० किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. हेच मंदन टिकलं, तर गाडी सुमारे २४७ मीटरवर थांबेल. आठ डब्यांच्या गाडीच्या लांबीपेक्षा हे अंतर जास्त आहे! गाडीचं वजन कुणी सांगितलं नव्हतं, आत किती माणसं आहेत तेही नाही. त्यांची गरजच पडली नाही.

अक्षर उडालं नाही, तर उदाहरण पुन्हा वाचा. या वेळी आकडे सोडून शब्द वाचा. ‘चेंडू सोडला’ आणि ‘चेंडू फेकला’ यांत आपल्या भाषेनेच फरक केला आहे: सोडला म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. ‘गुळगुळीत’ म्हणजे घर्षण नाही, ‘हलकी दोरी’ म्हणजे दोरीचं वस्तुमान धरायचं नाही. इंग्रजीतून शिकणारी आपली मुलं ‘स्मूथ’ आणि ‘लाइट’ ही नुसती विशेषणं समजून पुढे जातात, म्हणून मी त्या शब्दांखाली रेघ मारायला लावतो. गुरुत्वत्वरण दिलं नसेल तर ९.८ घ्या आणि घेतल्याचं लिहा. दिल्लीत ते सुमारे ९.७९ आहे, शाळेतल्या उदाहरणात त्या फरकाने काही बिघडत नाही.

आता कुतुबमिनार. १९८१ च्या दुर्घटनेपासून आत वर जाता येत नाही, त्यामुळे टेप खाली सोडणं शक्य नाही. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोरा आणि खोडरबर लटकवून टोकाचा कोन मोजला, समजा तो ४५ अंश आला. उंची ‘उ’, अंतर ‘क्ष’: अज्ञात दोन, समीकरण एक. इथे माहिती खरोखरच कमी आहे आणि कितीही डोकं खाजवलं तरी ती वहीतून निघणार नाही. दुसरं मोजमाप करायला हवं. सरळ मागे चालत जा, कोन ३० अंश झाला की थांबा आणि दोन जागांमधलं अंतर टेपने मोजा. ते ५२ मीटर भरलं, तर उंची ५२ भागिले ०.७३२ (३० आणि ४५ अंशांच्या कोटँजंटमधला फरक), म्हणजे ७१ मीटर. मिनार मात्र ७२.५ मीटरचा आहे. राहिलेला दीड मीटर म्हणजे मोजणाऱ्या मुलाच्या डोळ्यांची जमिनीपासूनची उंची. ती बिचारी पक्षात यायचीच राहिली होती.

आणि दुसरं मोजमापही शक्य नसेल तर? परीक्षेत तसंच असतं. तेव्हा उत्तर अक्षरातच ठेवा: ‘उंची क्ष इतकी’, आणि क्ष मिळाला तर पुढे काय होईल ते लिहा. गुण जातील या भीतीने आकडा बनवू नका.

शाळेबाहेर मात्र अंदाज लागतोच. तो शिकायला शेजारचा लोहस्तंभ उत्तम. वजन किती? १९९७ पासून भोवती कुंपण आहे, जवळ जाता येत नाही. पक्षात फक्त उंची ७.२ मीटर आणि लोखंडाची घनता, घनमीटरला साधारण ७.८ टन. जाडी नाही. मग दोन टोकं धरा. वरच्या बाजूला व्यास सुमारे ३० सेंटिमीटर दिसतो. सगळा खांब तेवढाच बारीक मानला, तर वजन ४ टन. खाली सुमारे ४२. सगळा तेवढाच जाड मानला, तर ७.८ टन. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये असणारच. सरासरी व्यास ३६ घेतला की ५.७ टन येतं.

इथे एका मुलीची चूक मला फार शिकवून गेली. तिने लांबून फोटो काढला, फोटोत खांबाची उंची सरासरी जाडीच्या १७ पट भरली. तिने ७.२ ला १७ ने भागलं, व्यास ४२ आला आणि वजन जवळजवळ ८ टन. तिचं गणित बरोबर होतं, पण ७.२ मधला १.१२ मीटर भाग जमिनीखाली आहे, तो फोटोत येतच नाही. दिसणारा खांब ६.१ मीटरचा. ६.१ भागिले १७ केलं की व्यास पुन्हा ३६. म्हणून आता मी पक्षातल्या प्रत्येक आकड्यापुढे ‘कुठून कुठपर्यंत?’ हेही लिहायला लावतो.

स्तंभाचं वजन ६ टनांहून अधिक मानलं जातं. आमचं ५.७ त्यापेक्षा थोडं कमी आहे, कारण आम्ही सरळ निमुळता खांब धरला. जमिनीत गेलेला त्याचा पाया फुगीर आहे.